दाराचा कोड कितीजणांनी वाचावा

३ फेब्रुवारी

भावजी,

वर काय लिहावं ते सुचेना. तीन वेळा लिहून खोडलं, म्हणून नुसतं 'भावजी' एवढंच ठेवलं आहे. पत्ता तुमच्या बहिणीने दिला. त्यांच्यावर रागावू नका. मी चार वेळा फोन केल्यावर त्यांचा नाइलाज झाला. तुम्ही बंदराच्या कचेरीत पाण्याची पातळी मोजायचं काम घेतलं आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मेल तुम्ही उघडत नाही हे ठाऊक आहे. कागद निदान पोस्टमन हातात तरी देतो.

कामाचंच लिहिते.

एप्रिलअखेर एका इस्पितळाच्या लिफ्टचं सॉफ्टवेअर द्यायचं आहे. सात मजले, आणि रुग्ण खाटेसकट न्यायचे. दाराचा कोड मी लिहिते आहे. सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर ताईच्या नियमांची फाइल उघडी होती.

"प्रत्येक कोड सहा जणांनी एकत्र बसून वाचायचा," ते म्हणाले. "सहा माणसं दोन तास खोलीत कोंडली म्हणजे बारा तास गेले. बारा तासांत मी अजून एक लिफ्ट उभी करेन."

"मग किती जण हवेत?"

"ते तू सांग. पंधरा एप्रिलपर्यंत आकडा दे आणि आकड्याला कारण दे. 'ताई म्हणायच्या' हे कारण नाही."

साहेब वाईट नाहीत. पण हे शेवटचं वाक्य त्यांनी थोडं हळू म्हणायला हवं होतं.

आकडा देणं सोपं आहे. तीन म्हणाले असते तरी त्यांनी मान हलवली असती. पण ताईने सहाच का ठरवले हे कळल्याशिवाय मी तिचा नियम मोडणार नाही. घरात ती तुमची बायको आणि माझी मोठी बहीण, पण ऑफिसात आपल्या दोघांचीही वरिष्ठ होती, आणि कुणी कारणाशिवाय एक ओळ लिहिली तर ती त्याला सोडत नसे. तिच्या सगळ्या फायली मी पाहिल्या. अकरा वर्षांपूर्वीचा एक कागद सापडला. त्यावर 'वाचणारे सहा' आणि खाली तारीख. कारण नाही!

शंकेखोर म्हणतो (तुम्ही ठेवलेलं नाव त्याला अजून चिकटलेलं आहे) की यामागे मोठा अभ्यास असणार. फिटरबाई म्हणतात, लिफ्टची क्षमता सहा माणसांची असते, तीच ताईंनी खोलीला लावली. त्या हे गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, त्यामुळे मला अजून कळलेलं नाही की ती चेष्टा होती का.

तुम्हाला नक्की माहीत असेल. तो नियम ठरवताना तुम्ही दोघंच होता.

त्या बैठकीबद्दल मी लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका. फक्त सहा का, एवढं कळवा.

धाकटी

ता. क. चाचणीच्या मनोऱ्यात प्रवासी म्हणून ठेवतो त्या वाळूच्या गोण्यांपैकी तुम्ही 'मामा' म्हणायचा ती फुटली. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत मामा सांडला. फिटरबाईंनी त्याला झाडून भरून पुन्हा शिवलं. आता तो थोडा बारीक दिसतो.


१७ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं कार्ड आलं. आठ शब्द. सही नाही.

'त्या खोलीत खुर्च्या सहा होत्या. सातवीचा पाय मोडका.'

मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. शंकेखोराला दाखवलं. त्याचा अर्थातच विश्वास बसला नाही. "भावजींनी गंमत केली असेल," म्हणाला आणि तडक कोठीत गेला. पंधरा मिनिटांनी तिकडून हाक आली. सगळे धावलो. कोठीच्या कोपऱ्यात, जुन्या पडद्यांच्या खाली, तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकून उभी. पाठीवर चिठ्ठी, ताईच्या अक्षरात: 'दुरुस्तीला द्यावी.'

फिटरबाई आधी हसल्या. त्या हसल्या की खाली बसतात हे तुम्हाला माहीत आहे, त्या बसल्या. मग शंकेखोर. मग गलका ऐकून साहेब आले. त्यांनी कार्ड वाचलं, खुर्ची पाहिली, पुन्हा कार्ड वाचलं.

"म्हणजे अकरा वर्षं," ते म्हणाले, "मी सहा सहा माणसं कोंडली ती खुर्च्यांसाठी? गेल्या वर्षी मी परदेशातल्या पाहुण्यांना हा नियम समजावून सांगितला हो! फळ्यावर आकृती काढून!"

"पाहुण्यांना पटला का?" फिटरबाईंनी खालूनच विचारलं.

"टिपून घेतला त्यांनी!"

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसत होते. कोठीत नऊ माणसं, धूळ, आणि सगळे हसताहेत. दहा महिन्यांत पहिल्यांदा ताईचं नाव निघालं आणि कुणी मान खाली घातली नाही.

ती खुर्ची आम्ही दुरुस्तीला दिली. अकरा वर्षं उशीर झाला, पण दिली.

मला राहून राहून वाटतं की आपण सगळे या नियमाला शास्त्र समजतो हे तिला माहीत होतं. माहीत असणारच. इतकी वर्षं ती मनातल्या मनात हसत असणार, आणि तुम्हीही. नवराबायकोंनी मिळून आम्हाला चांगलं बनवलंत.

आता नियमाला आधार उरला नाही, म्हणून मी स्वतःच शोधायचं ठरवलं. परवा बटणांच्या कोडची बैठक होती. सहा जण, दोन तास, नऊ चुका सापडल्या. संपल्यावर मी दाराशी उभी राहून प्रत्येकाची छापील प्रत मागून घेतली. सांगते काय निघालं. नऊपैकी सात चुका शंकेखोराला सापडलेल्या, दोन फिटरबाईंनी नुसतं ऐकून काढलेल्या. तीन प्रतींवर पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता. एका प्रतीची पानं एकमेकांना चिकटलेली, छापखान्यातून आली तशी. आणि एका प्रतीवर चहाच्या कपाचं सुंदर गोल वर्तुळ, ती साहेबांची. म्हणजे सहा जण वाचतात म्हणून प्रत्येकजण समजतो की बाकीचे पाच वाचतील. मग अळीमिळी गुपचिळी, आणि शंकेखोर बोलला की सगळ्यांनी माना डोलवायच्या.

साहेबांना त्यांची प्रत दाखवली. ते म्हणाले, "कप कुणाचा आहे ते आधी तपासून पाहा."

बैठकीत चुका मोठ्याने वाचून दाखवायचं काम ताईनंतर माझ्याकडे आलं आहे. परवाही मीच वाचल्या. लिहिणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त टिपून घ्यायचं, हा नियम आहे तसाच आहे. परवा लिहिणारा माणूस टिपून घेत होता आणि मी त्याच्या हाताकडे पाहत होते. माझं वाचन मध्ये दोनदा अडलं. का ते तुम्हाला कळेल. एवढंच लिहिते.

धाकटी


५ मार्च

भावजी,

या वेळी पूर्ण पान आलं, आणि वर 'धाकटे' असं लिहिलेलं. पानावरचं बाकीचं मी नंतर वाचलं.

बंदरातल्या त्या उभ्या काठीचं तुम्ही लिहिलं आहे ते मी शंकेखोराला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही काठीच्या या बाजूने पातळी वाचता आणि म्हातारे बंदरवाले त्या बाजूने. वह्या वेगळ्या. एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही, संध्याकाळी जुळवायच्या. लाट हलत असते म्हणून दोघांना कधीच अगदी सारखं दिसत नाही, आणि ओळीने चार आकडे सारखे आले तर म्हातारबा विचारतात, "काय रे, चोरून पाहिलंस का?" मला हे म्हातारबा आवडले. तुम्ही त्यांच्यासमोर पान भरून बोलता का हो? आमच्यासमोर तर कधी बोलला नाहीत.

शंकेखोर उडालाच. त्याने कुठेतरी वाचलेली एक रीत त्याला आठवली. दोघांनी वेगवेगळं वाचायचं. याच्या चुका गुणिले त्याच्या चुका, भागिले दोघांनाही सापडलेल्या चुका. साधारण तेवढ्या चुका एकूण असणार. म्हणजे दोघांना बऱ्याचशा त्याच चुका सापडल्या तर फार काही उरलेलं नाही. वेगवेगळ्या सापडल्या तर आत अजून खूप आहे. मात्र एकमेकांच्या वहीत पाहायचं नाही. आपण सहा जण एकाच खोलीत, एकाच वहीत पाहत होतो.

म्हणून मी ठरवलं आहे की दाराचा कोड दोघांना द्यायचा, वेगवेगळा. एक शंकेखोर. दुसरे तुम्ही.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तो अजून बिनपगारी रजेवर आहे, म्हणजे कागद बाहेरच्या माणसाला जात नाहीत. दे पाठवून. पण तो वाचेल?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ते म्हणाले, "तू विचारलंस तर वाचेल का?"

हे तुम्हालाच विचारायला हवं. म्हणून आता त्या बैठकीबद्दल लिहिते. लिहायचं नाही असं मीच म्हटलं होतं, पण न लिहिता कोड पाठवणं बरं दिसणार नाही.

ताई जाऊन सतरा दिवस झाले होते. तुम्ही लिफ्टच्या केबिनचा कोड वेळेवर दिलात. कुणीतरी म्हणायला हवं होतं की राहू दे, पुढच्या महिन्यात पाहू. ते मी म्हणायला हवं होतं. मी प्रत घरी नेली आणि दोन दिवस वाचली. खरं सांगायचं तर ते दोन दिवस मला बरं वाटलं. घरात माणसं येत होती, काय बोलावं ते मला कळत नव्हतं. कोडमधली चूक शोधणं एवढं एकच काम मला कळत होतं. सतरा सापडल्या. मग सगळ्यांसमोर एकेक वाचत गेले. सहावीनंतर फिटरबाईंनी टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. का लावला ते मला कळलं होतं. तरी मी सातवी वाचली. मग आठवी. तुम्ही प्रत्येकीला नंबर घालून टिपून घेत होता. सतरावी झाल्यावर तुम्ही पेनाला टोपण लावलं, कागद टेबलावर सरळ ठेवला आणि बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी आला नाहीत, तिसऱ्या दिवशी गावच सोडलंत.

मी स्वतःला समजावलं की नियम आहे. ताईचा नियम आहे. ताई असती तर दुसऱ्या चुकीलाच वही मिटून म्हणाली असती, "आज पुरे. याला झोप हवी आहे."

माफी मागायला मला जमत नाही. आमच्याकडे ते खातं ताईकडे होतं. माझ्या वाटच्याही तीच मागायची. आता माझी मलाच मागायला हवी. मागते.

सोबत तेवीस पानं आहेत, सगळी माझी. सापडतील तितक्या चुका काढा. हात राखू नका. नाही वाचावीशी वाटली तर तशीच परत पाठवा, मला कळेल.

धाकटी


२२ मार्च

भावजी,

पाकीट इतकं जाड होतं की मला वाटलं पानं तशीच परत आली. कात्रीने कापलं तर पहिल्याच पानावर लाल पेन्सिल. फार आनंद झाला. स्वतःच्या चुका पाहून इतका आनंद झालेली मी या इमारतीत पहिलीच असेन.

शंकेखोराच्या चौदा. तुमच्या अकरा. दोघांनाही सापडलेल्या फक्त दोन. म्हणजे एकूण तेवीस वेगवेगळ्या चुका. तुमच्या सतरावर मी सहाने मात केली आहे.

आणि त्या रीतीने हिशेब केला तर चौदा गुणिले अकरा भागिले दोन, सत्त्याहत्तर! साहेबांना आकडा सांगितला तेव्हा ते उभे राहिले.

"सत्त्याहत्तर? दार आहे का चाळण?"

"अंदाज आहे, साहेब," शंकेखोर म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की त्याला बक्षीस मिळालं आहे असं वाटावं. "पण अजून चोपन्न असू शकतात."

"मग तुमची दोन माणसांची बात गेली. म्हणजे किती हवेत? दहा? वीस?"

मला त्या क्षणी कळलं की आकडा आधी ठरवायचाच नाही. दोघांपासून सुरू करायचं. याद्या जुळल्या नाहीत तर तिसरा वाचणारा आणायचा, मग चौथा. नव्या माणसाला नवं काही सापडेनासं झालं की थांबायचं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आकडा मागितला तर ही मला पाककृती देते आहे. चवीपुरतं मीठ!" पण नाही म्हणाले नाहीत.

शंकेखोराने त्याच्या चौदा मला सगळ्यांसमोर सांगितल्या नाहीत. दोन कप चहा घेऊन आला, दार लावलं आणि बसला. आधी दोघंही अवघडलो. पाचव्या चुकीला हसू फुटलं. दार उघडं असताना कुणी 'दार उघडा'चं बटण दाबलं तर माझं दार सव्वा मिनिट विचारात पडत होतं. शंकेखोर म्हणाला, "बरोबर आहे, मीही पडलो असतो." मी हसता हसता चहा पानावर सांडला. आता माझ्या प्रतीवरही वर्तुळ आहे.

तुमची यादी मी एकटीने वाचली. सातव्या नोंदीपुढे तुम्ही लिहिलं आहे, 'इथे दार फार घाईत आहे. लिहिणारीसारखं.' हे बरं आहे! जेवताना शेवटचा घास गिळण्याआधीच हात धुवायला उठणारा माणूस कोण होता? पण तुमचं बरोबर आहे, दार आठच सेकंद उघडं राहतं, ते कमी पडतं. बारा केले.

आणि शेवटची ओळ.

'तुझ्या सतरांपैकी सोळा बरोबर होत्या. बारावी चूक नव्हती.'

भावजी, तुम्ही हे वर्षभर पोटात ठेवलंत! मी हातातलं सगळं टाकून जुनी फाइल काढली. बारावी नोंद माझीच: केबिन दोन मजल्यांमध्ये अडकली तर तुमचा कोड आधी दिवा लावतो, मग पंखा, आणि मग दाराची तपासणी सुरू करतो. मी वाचलं होतं, 'क्रम चुकीचा, आधी दार.' मला अजूनही वाटतं की दार महत्त्वाचं आहे. त्या दिवशी तुम्हाला उत्तर देता आलं असतं तर काय सांगितलं असतंत? आता सांगा. मी ऐकते आहे, आणि मला पटलं नाही तर मी भांडेन.

धाकटी


९ एप्रिल

भावजी,

तुमच्या उत्तराची वाट पाहायची गरज उरली नाही. कसं ते सांगते, पण क्रमाने सांगते.

तिसरं वाचन फिटरबाईंना दिलं. त्यांना कोड वाचता येत नाही, म्हणून मी एकेक ओळ साध्या भाषेत सांगत गेले आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. त्यांना सहा सापडल्या. त्यातल्या चार आपल्या यादीत होत्याच, दोन नव्या. त्यातली एक ऐका. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या दाराला अडथळा ओळखणारे किरण दोन. एक घोट्याशी, एक गुडघ्याशी. खाटेला पाय चार, बारीक. खाट निम्मी आत, निम्मी बाहेर थांबली तर दोन्ही किरण खाटेखालून आरपार. दाराला वाटणार, कुणी नाही. बारा सेकंदांनी येईल की रुग्णावर." सहाशे चाळीस ओळी आपण तिघांनी वाचल्या आणि खाटेखाली कुणीच वाकून पाहिलं नव्हतं. तिसरा किरण बसवला, गादीच्या उंचीला.

पुन्हा हिशेब केला. अंदाज सत्त्याहत्तरवरून पस्तिसावर आला.

चौथे स्वतः साहेब. "मीच वाचतो, कपाचा विषय एकदाचा मिटवू," म्हणाले. दोन दिवस दार लावून, पेन्सिलीला टोक करकरून वाचलं. पाच चुका घेऊन विजयी मुद्रेने आले. मी यादी काढली. पाचही आधीच सापडलेल्या.

"माझं सगळं तुम्ही आधीच काढलंत!" ते खरोखर चिडले होते.

"साहेब, हीच तर आनंदाची गोष्ट आहे," मी म्हटलं. "तुम्हाला नवं काही सापडलं नाही म्हणून आता थांबता येईल."

"म्हणजे माझा उपयोग काय तर मला काही सापडलं नाही हा?"

"मोठा उपयोग आहे," शंकेखोर म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला, म्हणून साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली.

साहेबांना सोप्याच सापडल्या असतील अशी शंका शंकेखोराला आलीच. म्हणून बटणांच्या कोडवर काम करणाऱ्या दोघांनाही हा कोड दिला, वेगवेगळा. त्यांनीही नवं काही आणलं नाही. पंचवीसवर थांबलो. सगळ्या दुरुस्त केल्या. मग मी अहवाल लिहायला बसले आणि वाचणाऱ्यांची नावं लिहिली. शंकेखोर, तुम्ही, फिटरबाई, साहेब आणि हे दोघे. मोजलं. सहा.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे ताईंचं बरोबरच होतं!"

फिटरबाई पुन्हा खाली बसल्या.

आता बारावी नोंद. मंगळवारी चाचणीच्या मनोऱ्यात खरी खाट आणली. खाटेवर मामा, त्याच्यावर चादर. आत मी आणि फिटरबाई. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये हिसका बसला आणि केबिन थांबली. ठरवून नव्हे, वरची एक तार सैल झाली होती. अंधार झाला. मी श्वास घेईपर्यंत दिवा लागला. मग पंखा सुरू झाला. आणि त्यानंतर दाराची तपासणी, एक एक मजला विचारत, सावकाश. मी घड्याळ पाहिलं. दाराचं उत्तर यायला चाळीस सेकंद लागली.

माझ्या म्हणण्यासारखा क्रम असता तर ती चाळीस सेकंद आम्ही अंधारात असतो. आम्ही दोघी धडधाकट, आणि मामाला कशाचंच काही नाही. पण त्या खाटेवर इस्पितळातलं माणूस असतं तर?

त्या कोडच्या सोळा दुरुस्त्या नंतर शंकेखोराने केल्या होत्या. मी त्याला विचारलं, बारावी का नाही केली? म्हणाला, "मला शंका होती."

आम्हाला बाहेर काढायला अर्धा तास लागला. फिटरबाईंनी पिशवीतून संत्री काढली. आम्ही खाटेच्या कडेला बसून ती खाल्ली आणि मी त्यांना सांगितलं की हे कुणी लिहिलं आहे आणि केव्हा. त्या म्हणाल्या, "ताईंना अंधाराची भीती होती ना हो?" मी म्हटलं, "होती. लहानपणी दिवा गेला की ती माझा हात धरायची आणि म्हणायची की तू घाबरू नकोस." हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही बराच वेळ तिच्याबद्दल बोललो. बाहेर आलो तेव्हा सगळे घाबरलेले होते आणि आम्ही हसत होतो, म्हणून साहेब ओरडले.

नवा नियम मी दिला आहे आणि साहेबांनी सही केली आहे. दोघांपासून सुरुवात. वाचन वेगवेगळं. नवं सापडेनासं झालं की थांबणं. चुका लिहिणाऱ्याला एकट्याला सांगणं. आणि लिहिणाऱ्याला उत्तर देता येईल. ही शेवटची ओळ तुमच्यासाठी घातली आहे असं समजलात तरी चालेल.

येत्या गुरुवारी अकरा वाजता त्याच खोलीत मी सगळ्यांना बोलावलं आहे. त्या दिवशी जे होते तेच सगळे. बारावी नोंद मी त्यांच्यासमोर मागे घेणार आहे. चूक त्यांच्यासमोर वाचली होती, तेव्हा ती चूक नव्हती हेही त्यांच्यासमोरच सांगायला हवं. तुम्ही आलात तर फार बरं वाटेल. नाही आलात तरी मी वाचणार आहे. म्हातारबांना एक दिवस दोन्ही बाजूंनी पातळी वाचायला सांगा. चोरून पाहिलंस का, असं स्वतःलाच विचारतील.

धाकटी


गुरुवार, सकाळ

भावजी,

दारवानाने ही चिठ्ठी तुमच्या हातात दिली म्हणजे तुम्ही आलात.

जिन्याने येऊ नका, लिफ्टने या. इस्पितळाला द्यायच्या आधी कालपासून दाराचा नवा कोड आपल्याच इमारतीत लावला आहे. पंचवीसच्या पंचवीस काढल्या आहेत, निर्धास्त या.

अकराला अजून वेळ आहे. आधी माझ्याकडे या, दुसरा मजला, डावीकडे. काल तुमचा केबिनचा कोड मी पहिल्यापासून पुन्हा वाचला, कुणाची वही न पाहता. सोळाही नव्हत्या. चौथ्या आणि नवव्या नोंदीत माझीच समजूत चुकली होती. म्हणजे चौदा. मात्र तेरावीवर मी ठाम आहे, ती चूकच आहे, आणि तुम्ही काहीही म्हणालात तरी मी ऐकणार नाही.

वर या, भांडू.

धाकटी